एकशे बेचाळीस मीटर

माझा मामा दगड कापायचा. म्हणजे फरशा नाही, पाटे-वरवंटे नाहीत. त्याचा दगड दोनशे-तीनशे मीटर खोलवरून यायचा. खाण खणायच्या आधी खाली काय दडलंय ते बघावं लागतं, त्यासाठी पोकळ ड्रिलने जमिनीत भोक पाडतात आणि त्या पोकळीतून दगडाची गोल कांडी वर येते, मनगटाएवढी जाड. तिला खाणीवर सगळे कोर म्हणतात. ती कोर लांब लाकडी खोक्यांत ओळीने रचून मामाच्या शेडमध्ये यायची. मामा एकेक कांडी फिरत्या आरीखाली धरून बरोब्बर मधोमध उभी चिरायचा. अर्धी प्रयोगशाळेत जायची आणि उरलेली अर्धी खोक्यात जागच्या जागी परत ठेवायची. ती साक्ष. उद्या कोणी म्हणालं की तुमचा आकडा खोटा आहे, तर खोकं उघडून दाखवायचं, घ्या, बघा, अर्धा दगड अजून आहे.

पंचवीस वर्षं हेच केल्यामुळे खाणीवर त्याला सगळे अर्ध्या म्हणत. नाव इतकं फिट बसलं होतं की त्यालाही राग यायचा नाही. चहा अर्धा प्यायचा, बिस्कीट अर्धं खायचा, वाक्य अर्धं बोलून थांबायचा. "मी काय म्हणतो ताई..." एवढं म्हणून खिडकीबाहेर बघत बसायचा. माझी आई चिडवायची, "धाकट्या, उरलेलं वाक्यसुद्धा साक्षीला ठेवलंस का रे खोक्यात?" त्यावर तो हसायचा, तेही अर्धंच. लग्नाचं बोलणं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर राहिलं, हा विनोद तर इतका जुना होता की त्यावर कोणी हसायचं नाही.

आमची टेकडी एकच होती, पण तिच्यावर कंपन्या दोन. मधून तारेचं कुंपण गेलं होतं. इकडच्यांचं हेल्मेट पिवळं, तिकडच्यांचं निळं. आई आणि मामा दोघं निळ्या बाजूला वाढले, कारण आजोबा निळ्यांकडे फोरमन होते; मामाची शेडही निळ्यांचीच. बाबा पिवळ्यांकडे ड्रिलर होते. आईने पिवळ्यात लग्न केलं तेव्हा आजोबांनी सहा महिने अबोला धरला होता म्हणे. बाबा सांगायचे, "जात जुळली, पत्रिका जुळली, टोपीचा रंग जुळला नाही."

हे हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल, पण तिथे राहणाऱ्यांना नव्हतं. दोन्ही गेटांवर मोठे फळे होते. आमच्या फळ्यावर दर सोमवारी खडूने लिहिलेलं असायचं, आपण इतके टन, पलीकडचे इतके टन. आपण मागे पडलो की आठवडाभर कँटीनमध्ये सुतकी तोंडं. आमची शाळा वेगळी, त्यांची वेगळी, बस वेगळ्या, दवाखाना वेगळा. फुटबॉलची मॅच झाली की डोकी फुटायची. बढती देताना साहेब म्हणायचे, पलीकडच्यांना हरवायचंय. पगार कापतानाही म्हणायचे, पलीकडच्यांना हरवायचंय. आणि आमची माणसं, माझे बाबा धरून, मान डोलवायची. बाबांना फक्त एक गोष्ट पटायची नाही. ते मालगाडी भरताना बघत असत. "इथे मधे कुंपण," ते म्हणायचे, "आणि बंदरावर दोघांचा माल एकाच ढिगात ओततात. असं कसं वैर म्हणायचं हे?" आई म्हणायची, तुम्ही आपली भोकं पाडा. मग तेही हसून विषय सोडून द्यायचे. डोळ्यांसमोर होतं, पण बघितलं कोणी नाही.

मी तेरा वर्षांची असताना निळ्यांकडे एक बोंब झाली. टेकडीच्या टोकाचा एक पट्टा लिलावात निघणार होता आणि तिथे निळ्यांना जिथे चांगला माल सापडला होता, नेमकं त्याच्या शेजारी पिवळ्यांनी ड्रिल उभं केलं. निळ्यांच्या साहेबांना वाटलं, आपल्याकडून कोणीतरी फुटलंय. आणि मग ज्याचा मेव्हणा पलीकडे ड्रिलर तो अर्ध्या, त्याच्यावर संशय आला. त्याला तीन दिवस बोलावलं. शेवटी एका कागदावर सही घेतली, की शेडमधली कुठलीही गोष्ट, कोरचा तुकडा, खोली, आकडा, शब्द, बाहेरच्या माणसाला सांगणार नाही, आणि बाहेरचा माणूस म्हणजे त्यात नातेवाईकही आले.

मामा मुळातच भिडस्त. त्याने त्या कागदाची एवढी धास्ती घेतली की आमच्या घरी येणंच बंद केलं. बाजारात आई दिसली तर दुकानात शिरायचा. एकदा तर बायकांच्या बांगड्यांच्या दुकानात शिरला आणि दहा मिनिटं तिथेच उभा राहिला. आई बाहेर थांबली होती. तो बाहेर आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कुठल्या रंगाच्या घेतल्यास?" तो रडवेला होऊन म्हणाला, "ताई, नोकरी जाईल गं." आई घरी येऊन ओट्यापाशी उभी राहून रडली. मला तेव्हा मामाचा इतका संताप आला होता, की भेटला असता तर मी चावले असते.

दोन वर्षं अशी गेली. त्या हिवाळ्यात बाबांना कामाचा हुकूम आला, कुंपणापासून साठ पावलांवर भोक पाडायचं, दोनशे मीटर. बाबा त्या बाजूला जागा बघायला गेले आणि घरी आले. जेवताना म्हणाले, "मागच्या वर्षी निळ्यांनी कुंपणाच्या त्या अंगाला भोक पाडलं होतं. आठ दिवस त्यांचं ड्रिल बंद होतं. उतारावरून गढूळ पाणी वाहत होतं, मी पाहिलंय. खाली पाणी आहे, आणि दाबाने कोंडलेलं आहे. पण किती खोलीवर?"

आई म्हणाली, "मग साहेबांना विचारा."

"विचारलं. म्हणाले, आपल्याकडे त्या बाजूची माहिती नाही. ती पलीकडच्यांची. व्हॉल्व्ह मागितला तर म्हणाले, कशाच्या आधारावर? आधी आधार दाखव." बाबा बोटांनी ताटाच्या कडेवर टकटक करत राहिले. "खोली कळली तर त्याच्या आधी थांबून तोंडाशी व्हॉल्व्ह बसवून घेता येईल. नाहीतर अंधारात हात घालायचा."

जे वाचतील त्यांच्यासाठी सांगते. कोंडलेल्या पाण्यात ड्रिल घुसलं आणि तोंडाशी अडवायला काही नसलं, तर पाणी भोकातून लोखंडी रॉडच्या रॉड वर भिरकावतं. एकेक रॉड तीन मीटरचा. आजही खाणीवरच्या कोणालाही विचारा, तो आधी वर बघेल आणि मग उत्तर देईल.

तर त्या रविवारी सकाळी बाबा डोक्यावर काही न घालता, साधा शर्ट घालून निळ्यांच्या वस्तीत मामाकडे गेले. तासाभराने परत आले. आई दारातच उभी होती. बाबा चपला काढता काढता हसून म्हणाले, "विचारलं तुझ्या भावाला. म्हणाला, कोरडं आहे दाजी, बिनघोर जा. पाणी वरच्या थरातलं होतं, किरकोळ." आईचा चेहरा उजळला. भावाने उत्तर दिलं याचाच तिला जास्त आनंद झाला असावा. "चहा दिला का तुम्हाला?" तिने विचारलं. "दिला की," बाबा म्हणाले, "अर्धा कप."

पुढच्या गुरुवारी सकाळी साडेदहाला शाळेत मला बोलवायला आले. बाबांचं काय झालं ते मी लिहिणार नाही. पाणी लागलं होतं आणि ते ड्रिलपाशी उभे होते, एवढं पुरे.

अंत्यविधीला मामा लांब झाडापाशी उभा होता, निळं हेल्मेट काखेत धरून. सगळे पिवळे त्याच्याकडे बघत होते. आईच उठून त्याच्याकडे गेली. मी तिचा पदर धरून मागे मागे गेले. मामा बोलायचा प्रयत्न करत होता. "ताई, मी... दाजींना मी..."

आई म्हणाली, "धाकट्या, गप. मला माहीत आहे. ते मला सांगून गेलेत. तू कोरडं आहे म्हणालास, तुला जेवढं माहीत होतं तेवढं तू सांगितलंस. तू काय मुद्दाम चुकीचं सांगशील का?"

मामाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग खाली बसला आणि मातीत हात खुपसून रडायला लागला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी पंधरा वर्षांची होते, आणि माझा तळपायाची आग मस्तकात जाणारा राग त्या क्षणी ओसरला. मला वाटलं, बिचारा, चुकीचं सांगून बसला आणि आता जन्मभर जळणार.

त्यानंतर मामाने कागद, सही, नोकरी, कशालाच जुमानलं नाही. दर रविवारी यायचा. नळ दुरुस्त कर, छप्पर बघ, आईला दवाखान्यात ने. माझ्या परीक्षेची फी त्याने भरली आणि विचारलं तर म्हणाला, "तुझ्या बाबांनी ठेवायला दिले होते." धादांत खोटं. आई त्याच्यासाठी चहा करायची, तो अर्धा प्यायचा. ते एक सोडलं तर अकरा वर्षांत त्याने बाबांचं नाव काढलं नाही. आईला ते कळायचं. ती मला म्हणायची, "त्याच्यासमोर ह्यांचा विषय नको काढूस. आपल्या चुकीच्या शब्दाने माणूस गेला हे कुठल्या भावाला सहन होईल?" आणि तिला माणूस म्हणून तोच उरला होता. मी नोकरीत गढलेली, बाकी नातेवाईक निळे म्हणून तुटलेले. रविवारी सकाळी दहाला कडी वाजली की ती माझ्यासाठी कधी उठली नसेल एवढ्या लगबगीने उठायची.

नोकरी मला बाबांच्या जागी मिळाली, पिवळ्यांच्या नमुन्यांच्या ऑफिसात. पिशव्या मोजायच्या, नंबर लावायचे, कागद जुळवायचे. आणि मग मागच्या वर्षी ती बातमी आली. दोन्ही कंपन्या एक होणार.

कँटीनमध्ये सगळ्यांना बसवलं, निळे एका बाजूला, पिवळे एका बाजूला. मोठ्या ऑफिसातून एक वकील आला होता, टायमध्ये, बुटांना लाल माती लागू नये म्हणून जपून चालणारा. त्याने पडद्यावर चित्र दाखवलं, चौकोन आणि रेघा. खाली दोन चौकोन, निळा आणि पिवळा. दोघांच्या वर वेगवेगळे दोन चौकोन, वेगवेगळ्या शहरांतले. त्यांच्या वर कुठल्याशा बेटावरच्या तीन कंपन्या, ज्यांना ना खाण ना कामगार, नुसती टपालपेटी. आणि सगळ्या रेघा वर वर जात शेवटी एका चौकोनात शिरत होत्या. तो म्हणाला, "त्यामुळे खरं तर हे विलीनीकरण नाहीच. मालकी पहिल्यापासून एकाच समूहाची आहे. आपण फक्त रचना सोपी करतोय."

एक म्हातारा पिवळा फिटर, ज्याचा एक डोळा मॅचच्या मारामारीत अधू झाला होता, तो पडद्याकडे उरलेल्या डोळ्याने बघत बसला होता. मीच उठले. मला गप्प बसता येत नाही, हा गुण आईचा. मी विचारलं, "मग इतकी वर्षं आमची स्पर्धा कोणाशी होती?"

वकील हसला. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला प्रश्न गमतीदार वाटला. "बाजारात दोन दिसावे लागतात," तो म्हणाला. "पट्ट्यांचा लिलाव होतो, तेव्हा किमान दोन बोली लागतात. एकच बोली आली तर बाहेरच्या तिसऱ्याला बोलावतात, भाव चढतो. आता नियम बदललेत, म्हणून आता दोनची गरज नाही." आणि घड्याळ बघून त्याने पुढचं चित्र लावलं, हेल्मेटचा नवा रंग पांढरा.

दोन शेड होत्या, त्यांची एक करायचं ठरलं. मला मामाच्या शेडमध्ये पाठवलं. सव्वीस वर्षांची भाची आणि साठीला टेकलेला मामा, एका टेबलाशी. खरं सांगते, ते दोन महिने मला आवडले. तो मला कोर वाचायला शिकवायचा, ओल्या फडक्याने पुसून, बोट फिरवून. "बघ, इथे माती मऊ झाली. इथून पाणी जातं." एवढं म्हणाला की गप्प व्हायचा. पांढरं हेल्मेट त्याला मोठं होत होतं. मी म्हणाले, "मामा, आता तरी पूर्ण चहा पी. कंपन्यासुद्धा एक झाल्या." तो म्हणाला, "सवय आहे गं." निळ्यांच्या आणि पिवळ्यांच्या कोर शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा कुंपणाच्या दोन्ही बाजूंचा दगड इतका सारखा होता, की खोक्याच्या फळीवर रंग लावला नसता तर ओळखता आला नसता.

मग पिवळ्यांच्या मुख्य ऑफिसातली कपाटं आली. वरच्या मजल्यावरची, ज्यांना कायम कुलूप असायचं. त्यातलं सामान तपासून शेडमध्ये लावायचं होतं. तिसऱ्या कपाटात तळाला एक खोकं होतं. मी झाकण काढलं. आत नमुन्यांच्या पिशव्या होत्या, आणि पिशव्यांच्या गळ्याला अॅल्युमिनियमच्या पट्ट्या.

हे सांगायला हवं. पिशवीवर सगळे शाईने नंबर लिहितात. मामाचा शाईवर विश्वास नव्हता. तो पत्र्याची पट्टी कापून तिच्यावर खिळ्याने नंबर कोरायचा आणि तारेला दोन पीळ देऊन बांधायचा. दोन्ही बाजूंच्या खाणीत असं करणारा माणूस एकच. त्याच्या शेडमधल्या पिशव्या, आमच्या साहेबांच्या कुलुपातल्या कपाटात! आणि त्यांच्याखाली मामाच्याच अक्षरातल्या नोंदीची झेरॉक्स. भोकाचा नंबर, खोली, दगडाचा प्रकार. मधे एक ओळ, खाली रेघ मारलेली. एकशे बेचाळीस मीटर, चिकणमाती, दाबाखालचं पाणी, काम आठ दिवस बंद. कोपऱ्यात पिवळ्या कंपनीचा शिक्का, मिळाल्याची तारीख. बाबा गेले त्याच्या चार महिने आधीची.

मला आधी काही समजलंच नाही. मग सगळं एकदम समजलं. निळ्यांचे कागद वरच्या एका चौकोनातून पिवळ्यांच्या साहेबांकडे येतच होते. ते पट्ट्याशेजारचं ड्रिल, तेही असंच. जिच्याबद्दल साहेब "आपल्याकडे माहिती नाही" म्हणाले, ती माहिती त्यांच्याच मजल्यावर पडून होती. पण ती ड्रिलरच्या हातात दिली असती तर पलीकडचा कागद इकडे आलाच कसा, हा प्रश्न निघाला असता. दोन दिसायला हवे होते. त्यासाठी माझ्या बाबांना अंधारात हात घालायला लावला. मी खोक्याला धरून उभी राहिले.

मामा आरी बंद करून आला. त्याने पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "ही बाहेरच्या तपासणीला म्हणून मागितली होती," तो म्हणाला. "साक्षीच्या अर्ध्यातली पुन्हा अर्धी कापून दिली मी." मग त्याने झेरॉक्स वाचली. शिक्क्यावर त्याचं बोट कितीतरी वेळ होतं.

मी म्हणाले, "मामा, पण तुलाच लिहिलेलं आठवत नव्हतं का? एकशे बेचाळीस तू स्वतः लिहिलंस. मग बाबांना कोरडं कसं काय सांगितलंस?"

तो स्टुलावर बसला. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. आणि अकरा वर्षांपूर्वी झाडापाशी अर्धं राहिलेलं वाक्य त्याने पूर्ण केलं.

"मी दाजींना कोरडं आहे म्हणालोच नव्हतो. मी काहीच म्हणालो नव्हतो."

मग सगळं सांगितलं. बाबा दारात उभे होते. म्हणाले, मेव्हणे, मालाचं काही विचारत नाही, ते तुमचं तुम्हाला लखलाभ. फक्त पाणी किती खोलीवर लागलं तेवढं सांगा. मामाला आकडा पाठ होता. पण त्याला वाटलं, हीच ती परीक्षा. पाण्याची खोली कळली की थर कळतो, थर कळला की माल कळतो, हे त्याला साहेबांनी बजावलं होतं. तो म्हणाला, "दाजी, मला विचारू नका. मी सही केली आहे." बाबांनी मान डोलवली. मग म्हणाले, "बरं. तुमच्या ताईला यातलं काही बोलू नका, तिला वाईट वाटेल." आणि गेले. चहासुद्धा झाला नाही.

"दाजींनी ताईला माझ्या नावावर खोटं सांगितलं ते मला त्या दिवशी कळलं, झाडाखाली," मामा म्हणाला. "ताई म्हणाली, तू काय मुद्दाम चुकीचं सांगशील का. मला खरं सांगायचं होतं. ती डोक्यावर हात फिरवत होती. मी तो हात... मी तिला थांबवलं नाही. अकरा वर्षं थांबवलं नाही. मला वाटायचं, निदान एक आहे. मी खाल्ल्या मिठाला जागलो. चूक असेल, पण इमानाची चूक. पलीकडचे पलीकडचे होते." त्याने शिक्क्यावरचं बोट उचललं. "पलीकडे कोणी नव्हतंच गं."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काही केलं नाही. तो उठून म्हणाला, "ताईला सांगतो." मी त्याचा हात धरला. "नको. मामा, तुझ्या पाया पडते. बाबा परत येणार नाहीत. तिला तू एकटा आहेस. तेही काढून घेऊ नकोस." हे बोलताना मी त्याच्यासाठी बोलत नव्हते, आईसाठी बोलत होते, आणि त्याला ते कळलं. म्हणाला, "तिने माझ्यासाठी अकरा वर्षं चहा केलाय. कोणासाठी करते आहे ते तरी तिला कळू दे."

रविवारी दहाला कडी वाजली. आई उठली. चहा ठेवला. मामा नेहमीच्या खुर्चीच्या कडेवर बसला आणि बोलायला लागला. न थांबता, खिडकीकडे न बघता, पट्टी टेबलावर ठेवून. चौकोनांपासून सुरुवात करून दारातल्या बाबांपर्यंत आला. मी ओट्याला टेकून उभी होते. आईचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. कंपनीचं ऐकताना ती हलली नाही. कंपनीकडून तिला कधीच काही अपेक्षा नव्हती. दारातलं ऐकताना तिने हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले.

तो थांबला. चहावर साय धरली होती.

"किती मीटर म्हणालास?" आईने विचारलं.

"एकशे बेचाळीस."

"एवढंच?" आई म्हणाली. "एवढं म्हणायला किती वेळ लागतो रे, धाकट्या?"

आई बोलत राहिली, अगदी हळू, जणू स्वतःलाच समजावत होती. "ते चपला काढताना हसत होते. अर्धा कप चहा दिला म्हणाले. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, तू कधी कोणाला अर्धा दिला नाहीस, तू आपला अर्धा ठेवायचास. त्यांना माहीत होतं खाली पाणी आहे. माहीत असून गेले. माझ्यासमोर तुझी लाज राखून गेले. आणि मी अकरा वर्षं मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, की माझ्या भोळ्या भावाच्या शब्दावर कशाला विसंबलात."

मग ती उठली. त्याचा थंड चहा घेऊन गरम केला आणि परत त्याच्यापुढे ठेवला.

"पी," म्हणाली. "पूर्ण पी. आणि मग जा."

मामाने कप दोन्ही हातांनी उचलला. त्याने शेवटच्या थेंबापर्यंत चहा प्यायला, कप उपडा करून बशीत ठेवला, आणि गेला. जाताना दार लोटून घेतलं नाही, ते मी लोटलं. आईने पत्र्याची ती पट्टी उचलली, नंबरावरून अंगठा फिरवला आणि बाबांच्या फोटोमागे ठेवली. त्यानंतर ती रडली की नाही मला माहीत नाही. माझ्यासमोर तरी नाही.

पुढच्या महिन्यात निळ्या शेडमधल्या जुन्या कोर जास्तीच्या ठरल्या. एकाच डोंगराचे दोन पुरावे कशाला, असं वरून विचारलं होतं. साक्षीचे अर्धे दगड ट्रकमध्ये भरून नव्या रस्त्याच्या भरावात टाकले. मामा ट्रक मोजत उभा होता, मग त्याला घरी बसवलं. मी ती झेरॉक्स घेऊन तीन ऑफिसांत गेले. तिघांनीही सांगितलं, शिक्का असलेली पिवळी कंपनी आता अस्तित्वात नाही.

कुंपणही काढलं. तारा गुंडाळून भंगारात गेल्या, खांबांचे खड्डे बुजले. आता आमच्या घरापासून मामाच्या घरापर्यंत सरळ चालत सात मिनिटं लागतात. मी मधे मधे जाते. तो विचारतो, "ताई कशी आहे?" मी म्हणते, बरी आहे. घरी आल्यावर आई काही विचारत नाही. रविवारी दहाला ती स्वतःपुरता चहा करते आणि कडी वाजायच्या आतच पिऊन टाकते. कडी काही वाजत नाही.